पडेल विविना

लिंडेबेके गावात विविना देबानला सगळे ‘पडेल विविना’ म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, कत्तलखान्याच्या फाटकाशी. आणि तीही हसायची. ओठ फुटलेला असला तरी हसायची, म्हणून तर आम्हाला जास्त मजा यायची.

माझा जन्म मराठी मुलखातला, पण आता गाव हेच. आमचं गाव क्रॉसचं. क्रॉस म्हणजे हिवाळ्यात शेतातून, वाळूतून, खंदकाच्या कडेनं सायकल हाणायची, जिथं चाक फिरत नाही तिथं ती खांद्यावर टाकून पळायचं, आणि तासाभरानं चिखलाचा पुतळा होऊन घरी शिव्या खायला जायचं. गावातल्या दर तिसऱ्या माणसाच्या खांद्यात लोखंडी पट्टी बसवलेली आहे. इथं कुणाचा डोळा काळानिळा दिसला तर ‘कुणी मारलं’ असं विचारत नाहीत, ‘कुठल्या वळणावर’ असं विचारतात. बाईचा डोळा असला तरी तेच. तिथंच आमची चूक झाली. आणि असली चूक आमच्यासारख्या गावाकडूनच व्हायची.

सुरुवात एका शब्दानं झाली. बारा वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. विविना नवऱ्याची जुनी सायकल घेऊन पाव आणायला आली. गालफडावर बशीएवढा डाग, एक डोळा पार मिटलेला. बेकरीवालीनं विचारलं, “अगं, हे काय करून घेतलंस?” विविनानं काचेतून बाहेर पाहिलं. सायकल भिंतीला टेकलेली होती. ती म्हणाली, “पडले.”

“क्रॉस खेळायला लागलीस की काय?”

“हो.”

झालं. आदल्या दिवशी सूप थंड आहे म्हणून तिच्या नवऱ्यानं, जीनोनं, तिचं डोकं फ्रिजच्या दारावर दोनदा आपटलं होतं. पण आता ती ‘पडली’ होती. खोटं टिकवायचं तर सायकल चालवणं आलं. पुढच्याच शनिवारी तिनं खरोखर नंबर घेतला, पाठीवर टाचला आणि चिखलात उतरली. लोक हौसेनं सायकल घेतात, पोट कमी करायला घेतात. हिनं डागांना कारण पाहिजे म्हणून घेतली.

पहिल्या हिवाळ्यात ती खरंच पडायची. फळ्यांवर अडखळायची, वाळूत तोंडावर आपटायची. मग ते थांबलं. कत्तलखान्यात डुकराच्या मांडीतून हाड सोडवायचं तिचं काम, सुरी कुठं घसरणार ते हाताला आधी कळतं. तसं चाक कुठं घसरणार तेही कळायला लागलं. आणि घरी तर याहून मोठी शाळा होती, कुठल्या बाजूनं हात येणार ते पाठीला कळावं लागायचं. तिसऱ्या हिवाळ्यापासून विविना एकाही शर्यतीत पडली नाही. कधी जिंकलीही नाही, पण पडली नाही. हे गावात कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्याही नाही. एकदा नाव पडलं की पडलं. सोमवारी डोळा सुजलेला दिसला की ‘काय पडेल, कुठल्या वळणावर?’ आणि पुढचं गिऱ्हाईक.

जीनोचं मात्र वेगळं होतं. पन्नाशी ओलांडलेली, तरी त्या वयाच्या गड्यांत पहिला. कॅफेच्या भिंतीवर त्याचे फोटो, त्याच्या नावाचा चाहता संघ, संघाच्या हिरव्या टोप्या. बोलायला लाघवी. वादळात कुणाची कौलं उडाली तर शिडी घेऊन हा पहिला हजर. असा माणूस बायकोला मारतो म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? आम्ही तरी ठेवला नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही ठेवला.

चौदा महिन्यांपूर्वी विविनानं घर सोडलं. एक बॅग, एक सायकल. कत्तलखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर उभी राहणारी झुल्मा नावाची म्हातारी आहे, तिच्या गॅरेजवरच्या खोलीत ती राहायला गेली. आणि मग तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं. डॉक्टर स्पीलेर्सना सांगितलं. त्यांनी जुनी फाइल काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, “विविना, इथं अकरा नोंदी आहेत. अकराही वेळा तू स्वतः सांगितलंयस, शर्यतीत पडले म्हणून. आता मी काय करू?” माणूस वाईट नाही. लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारा आहे, एवढंच.

पण डॉक्टरांचं तिला काही वाटलं नाही. लागलं ते पोरीचं. लोबके तेव्हा अठरा वर्षांची होती. आईचं सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि मग शांतपणे विचारलं, “म्हणजे मा, तू तेव्हा खोटं बोलत होतीस, की आता बोलतेयस?”

विविना एकटीच झुल्माच्या खोलीवर परतली आणि लोबके बापाकडे राहिली.

यंदा ऑगस्टमध्ये लोबकेच्या मनगटावर आधाराचा काळा पट्टा आला. सायकलवरून पडली म्हणे. कॅफेत कुणीतरी म्हणालं, “आईवर गेलीय पोरगी,” आणि सगळे हसले. झुल्मानं हे टेबलाशी येऊन सांगितलं तेव्हा विविनाच्या हातातली सुरी मांसात तशीच थांबली. तिनं हातातला पोलादी जाळीचा मोजा काढला आणि बाहेर जाऊन फोन लावला.

“काय झालं गं हाताला?”

“पडले, मा. लोक पडतात.” आणि फोन ठेवला.

हा शब्द कसा बोलतात हे विविनापेक्षा जास्त कुणाला कळणार? तिनंच शिकवला होता पोरीला. बारा वर्षं, पावाबरोबर, सुपाबरोबर. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पोरीला त्या घरातून बाहेर काढायचं. पण सांगून काढता येत नव्हतं. सांगायचं तोंड तिनं स्वतःच बंद करून घेतलं होतं.

डिसेंबरातल्या आमच्या गावच्या क्रॉसमध्ये पन्नाशीवरचे पुरुष आणि बाया एकत्र पळतात. पुरुष आधी सुटतात, बाया एक मिनिटानं. सहा फेऱ्या. आणि नियम असा की सगळ्यात पुढच्या गड्यानं तुम्हाला फेरीनं मागून येऊन गाठलं, तर तुम्ही बाद. पंच ओडिल लाल झेंडा दाखवतो, आणि तुम्ही सायकल ढकलत, सगळ्यांच्या देखत, दोरीखालून वाकून बाहेर जायचं. त्या गुरुवारी जीनो कॅफेत म्हणाला, “शनिवारी पडेलला फेरीनं गाठतो. ओडिल, झेंडा धुऊन ठेव. एकदा वाकून बाहेर गेली ना, की बघा, वाकूनच घरी येते.” हिरव्या टोप्या हसल्या.

झुल्मानं तेही टेबलावर आणलं. वर म्हणाली, “जाऊ नकोस पोरी. पाय बघ स्वतःचे. पाय नाहीत, ओंडके झालेत.”

खोटं नव्हतं. सणाच्या हॅमच्या ऑर्डरी होत्या. त्या आठवड्यात सहाही दिवस पहाटे चारची पाळी, आठ तास ओल्या फरशीवर उभं. शनिवारीसुद्धा बारापर्यंत काम, आणि दोन वाजता शर्यत.

“लोबके असणार तिथं?” विविनानं विचारलं.

“असणार की. पिटमध्ये, बापाची दुसरी सायकल धरून. दरवर्षीसारखी.”

“मग जायचं. पिटसमोरून एका फेरीत दोनदा जावं लागतं. सहा फेऱ्यांत बारा वेळा. बारा वेळा मी तिच्यासमोरून जाणार, झुल्मा, आणि एकदाही पडणार नाही. त्या चिखलात जी बाई पडत नाही, ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर कशी पडत होती? पोरगी हुशार आहे. मोजेल.”

झुल्मा म्हणाली, “आणि त्यानं गाठलं तर?”

“तर काहीच उरलं नाही.”

शनिवारी दोन वाजता आभाळ खाली आलेलं, बीट काढून झालेल्या शेताचा चिखल झालेला, आणि फ्राइजच्या तेलाचा वास. पिट म्हणजे एका उंचवट्यावर दोऱ्यांत आखलेली जागा. सायकल मोडली, चिखलानं जाम झाली, तर तिथं यायचं आणि दुसरी घ्यायची. चाळीसेक माणसं तिथं बादल्या, ब्रश आणि प्रेशरचे पाइप घेऊन उभी असतात. लोबके हिरवी टोपी घालून, काळ्या पट्ट्याच्या हातानं बापाची चकचकीत सायकल धरून उभी होती. तिच्यापासून दहा पावलांवर झुल्मा, हातात एक बादली. विविनाकडे दुसरी सायकलच नव्हती.

शिट्टी झाली. पुरुष सुटले, मिनिटानं बाया सुटल्या, आणि पहिल्याच वळणावर हाणामारी सुरू झाली. तिथं कुणी कुणाला ‘माफ करा’ म्हणत नाही. एका बाईचं हँडल विविनाच्या बरगड्यांत घुसलं. तिनं कोपरानं ते परतवलं, तर अर्ध्या फेरीत मागं पडून रेंगाळणाऱ्या सत्तरीच्या एका गड्यानं तिला खांद्यानं दोरीत दाबलं. दोरीचा खुंट मांडीवर लागला, कातडं निघालं. ती त्याच्या अंगावरच रेलली आणि त्याला आधार करून सरळ झाली. “ए बये,” तो ओरडला. ती पुढं गेली होती.

पिटसमोरून पहिल्यांदा गेली तेव्हा लोबके तिच्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष बापाच्या हिरव्या शर्टाकडे होतं.

दुसऱ्या फेरीत पायांनी दगा दिला. फळ्या आल्या, गुडघाभर उंच दोन आडव्या फळ्या, सायकल उचलून उड्या मारायच्या. पहिली तिनं काढली. दुसरीवर पाय उचललाच गेला नाही, नडगी काठावर बसली. हाडावर लाकडाचा आवाज झाला तो दोरीजवळच्या माणसांनीही ऐकला. माणूस तिथं आडवा व्हायचाच. पण तिनं सायकल काठीसारखी जमिनीत रोवली, तिच्यावर लटकली, एका पायावर तीन उड्या मारल्या आणि उभी राहिली. पायातला मोजा रक्तानं भरला.

“पडेल विविना अजून उभी आहे मंडळी,” भोंग्यावरचा माणूस ओरडला. “चौथ्या फेरीपर्यंत टिकली तर माझ्याकडून सगळ्यांना बिअर.” हशा झाला. एकानं दोरीवरून वाकून ग्लासातली बिअर तिच्या तोंडावर फेकली. डोळ्यांत गेली, जिभेवर आली. तिनं ती थुंकून टाकली आणि पॅडल मारलं.

तिसऱ्या फेरीत वाळू. वाळूत पोटऱ्यांना गोळे आले, असे की पाय आपला राहिलाच नाही. सायकल खांद्यावर, श्वास रंध्यानं घासल्यासारखा, आणि मागून येणाऱ्या बाया तिला ढोपरं मारत पुढं जात होत्या. एकीनं तिची टाच तुडवली. तिनं स्वतःचा हात हातमोज्यासकट दातांत धरला आणि चावला. हाताला दुखलं की पायाचं दुखणं जरा मागं पडतं, हे ती लग्नात शिकली होती. वर उलटी झाली ती पळता पळताच बाजूला थुंकली.

चौथ्या फेरीत पिटच्या दोरीला लागून झुल्मा तिच्याबरोबर चार पावलं पळाली. “बघतेय ती,” म्हणाली. “तोंड वाकडं करून बघतेय, पण बघतेय. चल पोरी, हाण.”

विविनानं मान वर केली. लोबके खरंच बघत होती. बापाकडे नाही.

त्या एका नजरेवर तिनं पाचवी फेरी सुरू केली. पण जीनो जोरात होता. तो एका फेरीत तिच्यावर मिनिट खात होता, आणि एव्हाना त्याची शेवटची, सहावी फेरी सुरू झाली होती. फळ्यांपाशी तिला भोंगा ऐकू आला, “जीनो आला, जीनोला पडेल दिसली.” वाळूच्या पलीकडे तिला त्याच्या चेनचा आवाज ऐकू आला. त्याच्या सायकलचा आवाज ती झोपेतही ओळखायची. तो आवाज अंगणात आला की ती सूप पुन्हा गरम करायला ठेवायची.

पिटच्या उंचवट्याखाली खंदकाच्या कडेनं एक अरुंद वाट जाते. एका वेळी एकच सायकल. एका बाजूला उतार, खाली पाणी. विविना त्या वाटेवर शिरली आणि मागून त्याचा आवाज आला, शांत, अगदी जेवणाच्या टेबलावरचा.

“बाजूला हो, विव.”

ती झाली नाही.

“सांगतोय ना. बाजूला हो.”

वाट संपायला तीस पावलं होती. पुढं पिट, पिटच्या पुढं रेषा. रेषा ओलांडली असती तर शेवटची फेरी तिची होती. ती मधोमध राहिली. तिला माहीत होतं तो काय करणार. तिच्या पाठीला माहीत होतं.

त्याचा डावा हात आला आणि त्यानं तिची वेणी मानेजवळ मुठीत धरली. घरी धरायचा तशीच. आणि खाली दाबली. तिचं तोंड हँडलवर आपटलं, दात ओठात गेले, सायकल फिरली. पण फिरता फिरता तिचं मागचं चाक त्याच्या पुढच्या चाकात घुसलं. सहा-सात आरे एकदम तुटले, आणि दोघंही सायकलींसकट खंदकाच्या पाण्यात गेले.

दोरीवरच्या माणसांना फक्त पाठी दिसल्या होत्या. “पडली,” भोंगा ओरडला. “पडेल शेवटी पडली मंडळी, आणि जाताना जीनोलाही घेऊन गेली.” आणि आम्ही हसलो. मी खोटं कशाला सांगू, आम्ही सगळे हसलो.

पण उंचवट्यावरून ती वाट वरून दिसते. तिथं लोबके उभी होती.

विविना आधी उठली. उठायची सवय तिला त्याच्यापेक्षा जास्त होती. तिच्या सायकलचा मागचा गिअर मोडून लोंबत होता. तिनं ती खांद्यावर टाकली आणि गुडघ्यावर, हातावर चढ चढली. मागं तो, हातात वाकडं चाक असलेली सायकल फरफटत. दोघंही पिटकडे पळत होते, आणि पिटमध्ये त्या दोघांसाठी मिळून एकच सायकल होती.

विविना पोहोचली आणि थांबली. पुढं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तोंडातून रक्त हनुवटीवर येत होतं. “मी…” ती म्हणाली, आणि सवयीनं तोच शब्द ओठावर आला, तो तिनं गिळला.

जीनो आला. हात पुढं केला. “सायकल.”

लोबकेनं सायकल हलवली नाही. “ती पडली नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“मा पडली नाही. मी वरून बघितलं.”

“सायकल दे, लोबके.”

लोबकेनं हँडल फिरवलं, आईच्या बाजूला. “घे मा. सीट उंच आहे, उभ्यानं चालव.”

जीनोचा हात वर गेला. चाळीस माणसांसमोर गेला, कारण रागात माणसाला घर आणि बाहेर कळत नाही. आणि हात वर जाताच लोबकेनं मान डावीकडे घातली, उजवा खांदा वर उचलला, डोळे मिटले. दचकून नाही. सरावानं. ही लकब कुणी पहिल्याच वेळी करत नाही.

विविनानं ते पाहिलं. खांद्यावरची मोडकी सायकल तिनं टाकली आणि ती दोघांच्या मध्ये गेली. मूठ तिच्या भुवईवर बसली. ओल्या हातमोज्याचा तो आवाज जवळच्या सगळ्यांनी ऐकला. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. ती हलली नाही.

सायकली धुणारे पाइप एकामागून एक बंद झाले. जीनोनं आजूबाजूला पाहिलं. मूठ अजून मिटलेलीच होती. “ही मध्ये आली,” तो म्हणाला. “तुम्ही बघितलंत, हीच मध्ये आली.”

त्यानं पुन्हा सायकलीकडे पाऊल टाकलं, आणि मागं सारायला विविनाच्या गळ्यावर हात घातला. तेवढ्यात झुल्मानं शेजारच्या माणसाच्या हातातला प्रेशरचा पाइप हिसकला आणि चालू केला. चिखल खरवडणारं पाणी ते, जीनोच्या तोंडावर, मग छातीवर, मग पायांत. तो पाठीवर आदळला, उठायला गेला, पुन्हा आदळला. टोपी वाहून गेली. तो शिव्या देत होता, पण तोंडात पाणी जात असल्यानं त्या नीट ऐकू येत नव्हत्या. झुल्मा साठीची बाई, आयुष्यभर डुकरं धुतलेली. तिनं सावकाशीनं पाणी बंद केलं.

“अरेरे,” ती म्हणाली. “पडला वाटतं.”

हसलं कुणीच नाही. हिरव्या टोप्यांतले दोघे पुढं झाले आणि त्यांनी जीनोला दोन्ही दंडांना धरून बसतं केलं. उठू दिलं नाही.

पंच ओडिल लाल झेंडा घेऊन धापा टाकत आला. आधी जीनोकडे पाहिलं, मग विविनाकडे. नियमांचा माणूस, काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, “ती सायकल जीनोची आहे.”

“वीस वर्षं त्या घरात राबलीय ती,” झुल्मा म्हणाली. “निदान मागचं चाक तरी तिचं धर.”

ओडिलनं झेंडा काठीला गुंडाळला आणि काठी काखेत मारली. “दुसरा गडी अजून वाळूत आहे,” तो म्हणाला. “तुला अजून कुणी गाठलेलं नाही, विविना. पळायचं असेल तर पळ.”

विविनाला पळायचं नव्हतं. पोरीला सोडून तिला कुठंही जायचं नव्हतं. तिनं लोबकेच्या गालाला हात लावला तर तिथं रक्ताची चार बोटं उमटली. “चल, आपण जाऊ,” ती म्हणाली. “झालं सगळं.”

“नाही झालं,” लोबके म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “दहा झालेत, मा. दोन राहिलेत.”

पोरीनं मोजलं होतं. पहिल्यापासून मोजलं होतं.

विविना बसली नाही, बसण्याजोगी ती सीटच नव्हती. उभ्यानं पॅडल मारत ती निघाली. रेषेवर तिच्यासाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली. ती फेरी आमच्या गावानं बघितलेली सगळ्यात हळू फेरी असेल. एक डोळा बंद, पाय कुणा दुसऱ्याचे, नवऱ्याच्या मापाची सायकल. फळ्यांवर तिनं सायकल आधी पलीकडे ठेवली, मग स्वतः एकेक पाय हातानं उचलून ओलांडला. वाळूत ती चालली, सरळ चालली. भोंगा बंद होता. भोंगेवाला खाली उतरून दोरीशी येऊन उभा होता, आणि बिअर हातात असलेले लोक ग्लास पाठीमागं धरत होते.

पिटसमोरून जाताना लोबके मोठ्यानं म्हणाली, “अकरा.” दुसऱ्यांदा, खंदकाच्या वाटेवरून वर आल्यावर, म्हणाली, “बारा.” तोवर तिचा आवाज कापायचा थांबला होता.

विविना सगळ्यांत शेवटी आली. शेवटून पहिली, तिच्यामागं कुणी नाही. रेषेवर तिनं पाय टेकले आणि सायकल लोबकेच्या हातात दिली. मग गुडघे वळले, पण लोबकेनं आणि झुल्मानं तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती पडली नाही.

तंबूत डॉक्टर स्पीलेर्सनी भुवईला सात टाके घातले. बधिर करायचं इंजेक्शन तिनं नको म्हटलं. टाके झाल्यावर त्यांनी हात पुसले, नेहमीचा कागद ओढला आणि नेहमीचं लिहायला लागले. विविनानं एका डोळ्यानं वाचलं. ‘शर्यतीत पडली.’ मुद्दाम नव्हतं लिहिलं. बारा वर्षांचा हात, आपोआप चालला.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “ते खोडा.”

आपल्या मराठीत तिथं एक काना दिला असता की भागलं असतं, ‘पडली’ची ‘पाडली’ झाली असती. इथल्या भाषेत इतकं सोपं नाही, अख्खं वाक्य खोडावं लागतं. डॉक्टरांनी खोडलं. काय लिहू म्हणून विचारलं नाही. ‘नवऱ्यानं मारलं’ असं लिहिलं आणि तारीख घातली.

“आता मागच्या अकरा,” विविना म्हणाली. “एकेक काढा. प्रत्येक कुठल्या दिवशी आणि कशानं, ते मी सांगते. मला सगळं पाठ आहे.”

डॉक्टर मान खाली घालून बसले होते. “विविना, मी तेव्हा विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “एकदा तरी.”

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.”

लोबके इतका वेळ तंबूच्या दाराशी उभी होती. ती आत आली. डोक्यावरची हिरवी टोपी तिनं काढली आणि मांडीवर ठेवून आईच्या शेजारी त्या लाकडी बाकावर बसली. मग दातांनी टोक धरून मनगटावरचा काळा पट्टा सोडवला आणि तो हात डॉक्टरांच्या कागदावर ठेवला. मनगटाचं हाड जरा वाकडं जुळून आलं होतं.

“अकरा नाही,” ती म्हणाली. “बारा लिहा. ऑगस्टमधलं राहिलंय.”